जागतिक व्यापारानं विदर्भातल्या कास्तकाराचं बरं केलं की वाईट?

प्रश्न असा आहे: “मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. एम.ए.ला अर्थशास्त्र आहे. ‘जागतिकीकरण व आंतरराष्ट्रीय व्यापाराचे विकसनशील देशावरील परिणाम’ या प्रकरणात फायद्यांची एक यादी आणि तोट्यांची एक यादी दिली आहे, दोन्ही पाठ आहेत. घरी सात एकर कोरडवाहू शेती, चार एकर कापूस आणि बाकी सोयाबीन-तूर. हे परिणाम आमच्या वावरापर्यंत नेमके कोणत्या वाटेनं येतात? आणि एकूण हिशेब केला तर बरं झालं की वाईट?”

मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली रुई (धागा) आणि सरकी (बी) वेगळी करण्याच्या धंद्यात वाढलो. कापसाची खरेदी, रुईचे सौदे, गाठींची (दाबून बांधलेल्या रुईची) रवानगी हेच काम आयुष्यभर केलं, आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्यांना विक्रीचा सल्ला देतो. म्हणून उत्तर कापसावरच जास्त रेंगाळेल. पण तुमच्या पुस्तकातलं जवळपास सगळं प्रकरण कापसाच्या एका क्विंटलमधून दिसतं, असं माझं मत आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. देशाचा एकूण फायदा झाला, याबद्दल मला शंका नाही. १९९१ साली परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं आणि सोनं गहाण टाकायची पाळी आली होती. त्यानंतर निर्यात वाढली, माहिती तंत्रज्ञानासारखी क्षेत्रं उभी राहिली, आणि आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला एक मुलगा किंवा मुलगी आज पुण्याला, हैदराबादला नोकरी करून दर महिन्याला घरी पैसे पाठवते. कोरडवाहू घराला हा पगार दुष्काळात तारतो. हे सगळं जागतिक व्यापाराच्या खात्यावर जमा धरलंच पाहिजे. पण त्याच व्यापारासोबत भावाची जी चढउतार आली, तिचा धक्का ज्याला माल धरून ठेवता येत नाही त्याला बसला. आपल्याकडे तो कास्तकार आहे. आणि तो धक्का इतका जोरात बसला याला देशाच्या सीमेवरचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, याचे आपल्याच सरकारांचे निर्णय बऱ्याच अंशी कारण आहेत.

आता वावरापर्यंतची वाट. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये आला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, बाकी घट. कापसाचा भाव म्हणजे या दोन मालांच्या किमतीची बेरीज वजा खर्च. रुईचा भाव जगात ठरतो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात तो पाउंडाला इतके सेंट असा बोलला जातो. समजा तिथे ८० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपयांना. एका किलोत २.२ पाउंड, म्हणजे रुई साधारण १५० रुपये किलो. ३४ किलोचे झाले ५,१०० रुपये. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,२४०. बेरीज ७,३४०. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक, बाजार समितीचा सेस आणि व्यापाऱ्याचा नफा असे मिळून पाचशे रुपये काढले, तर तुमच्या काट्यावरचा भाव ६,८०० च्या आसपास येतो.

या भावाला हलवणारं पहिलं बटण न्यूयॉर्कचं. समजा तिथं ८० चे ६५ सेंट झाले, बाकी काहीच बदललं नाही. रुई १२२ रुपये किलोवर येते आणि तुमचा क्विंटल साडेनऊशे रुपयांनी खाली. चार एकरांत वीस क्विंटल कापूस झाला असेल तर एकोणीस हजार रुपये गेले. पाऊस तोच, मेहनत तीच, बोंड तेवढंच. टेक्सासमध्ये पीक चांगलं आलं, किंवा चीननं खरेदी कमी केली, एवढंच घडलेलं असतं.

दुसरं बटण रुपयाचं. ८० सेंट कायम ठेवा आणि डॉलर ८५ ऐवजी ७५ रुपयांना धरा: क्विंटलला सहाशे रुपये कमी. रुपया घसरला की बातम्यांत काळजी व्यक्त होते, पण कापूस विकणाऱ्याला त्यातून थोडा आधार मिळतो. मात्र तोच घसरलेला रुपया पोटॅश, डीएपी आणि डिझेल महाग करतो, हे खर्चाच्या बाजूला लिहायचं.

तिसरं बटण आयात शुल्काचं आणि त्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर सगळं मिळून ११ टक्के आयात शुल्क लागू झालं. पुष्कळ जणांना वाटतं की शुल्क लावलं की भाव ११ टक्क्यांनी वाढतो. तसं होत नाही. देशात कापूस गरजेपेक्षा जास्त असेल आणि आपण निर्यात करत असू, तर आयात शुल्क असलं काय नि नसलं काय, आपला भाव निर्यातीच्या भावाला बांधलेला असतो. देशात तूट असेल आणि बाहेरून माल आणावा लागत असेल, तेव्हाच ते शुल्क भावाला टेकू देतं. आज या टेकूला महत्त्व आलंय, कारण आपलं उत्पादन घसरलं आहे. २०१३-१४ ला देशात जवळपास चारशे लाख गाठी कापूस पिकला होता. २०२४-२५ ला तो आकडा तीनशे लाखांच्या आसपास आला. गिरण्यांची गरज कमी झालेली नाही. निर्यातदार देश आयातदार व्हायला लागला की शुल्काची प्रत्येक अधिसूचना कास्तकाराच्या खिशाला लागते.

हे जोडलं जाणं १९९१ नंतरचं आहे असं पुस्तक वाचून वाटतं. आपल्या भागापुरतं ते खरं नाही. १८५३ ला निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि तो कापसाचा मुलूख होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोकांनी ज्वारी मोडून कापूस लावला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. रेल्वे आली तीही कापसासाठी; खामगावची शाखा १८७० ला सुरू झाली, आणि पुढं यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे एका ब्रिटिश कंपनीनं बांधली. जाताना डबे कापसाचे भरून गेले आणि येताना मँचेस्टरचं कापड घेऊन आले. त्या कापडानं नागपूर-वऱ्हाडच्या कोष्ट्यांचे माग थंड पडले. म्हणजे कच्चा माल विकणं, पक्का माल विकत घेणं आणि दूरच्या युद्धावर आपला भाव ठरणं, या तिन्ही गोष्टी आपल्या पणजोबांनी पाहिल्या आहेत. १८७७ ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली, तेव्हा कापसाच्या मुलखातच सूत आणि कापड निघायला लागलं. ती मिल या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली.

मधली काही दशकं दार बंद होतं. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती: कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, खुल्या बाजारात नाही. तुमच्या आजोबांना विचारा, ते दोन गोष्टी सांगतील. जगात मंदी असली तरी ठरलेला भाव मिळायचा, ही एक. आणि चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) मिळायला महिनोन् महिने लागायचे, केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रातोरात कापूस सीमेपार जायचा, ही दुसरी. ती योजना तोट्यात गेली आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला. बंद दारानं कास्तकाराचं भलं झालं असतं, असं म्हणणाऱ्यांनी तो चुकाऱ्याचा काळ आठवून पाहावा. पण एकाधिकार संपला तो नेमका कोणत्या वेळी, हेही पाहिलं पाहिजे.

२००१ च्या शेवटी जगात कापूस पाउंडाला तीस सेंटच्या आसपास, म्हणजे जवळपास तीन दशकांच्या तळाला होता. त्याच वेळी अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना वर्षाला अब्जावधी डॉलरचं अनुदान देत होती. भाव पडला तरी तिथला शेतकरी पेरणी कमी करत नव्हता, आणि तो स्वस्त कापूस जगभर जात होता. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हापासून भारत तिचा सदस्य आहे. नियम सगळ्यांना सारखे, असं सांगितलं गेलं होतं. २००२ ला ब्राझीलनं या अनुदानांविरुद्ध संघटनेत दावा लावला. २००३ ला बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी आपली वेगळी मागणी मांडली. ब्राझील जिंकला, अपिलातही जिंकला, आणि तरी अखेरची तडजोड व्हायला २०१४ साल उजाडलं. अमेरिकेनं ब्राझीलला ३० कोटी डॉलर दिले. आफ्रिकेतल्या त्या चार देशांच्या शेतकऱ्यांना त्यातलं काही मिळालं नाही, आपल्यालाही नाही. परीक्षेत ‘विकसित देशांची अनुदाने’ असा मुद्दा लिहाल तेव्हा हा खटला लिहा. नियम असणं आणि ते बजावून घेण्याची ताकद असणं यातला फरक त्यात नीट दिसतो.

आणि त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. कोरडवाहू पीक, सावकाराचं कर्ज, पडलेला भाव. जून २००६ च्या शेवटी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आत्महत्येचं कारण एकटा जागतिक भाव, असं मी म्हणणार नाही. सिंचन नाही, बँकेचं कर्ज पुरत नाही, दवाखान्याचा आणि लग्नाचा खर्च आहे, ही सगळी कारणं आहेत. पण आधीच काठावर असलेल्या माणसाला साडेनऊशे रुपयांची घसरण काय करते, ते मी काट्यावर उभं राहून पाहिलं आहे. कास्तकार भाव ऐकतो, काही बोलत नाही, आणि गाडी खाली करायला सांगतो. कारण परत न्यायची तर भाडं पुन्हा लागतं आणि घरी दुकानदार वाट पाहत असतो.

पुढची दहा वर्षं मात्र वेगळी गेली, आणि तीही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. मार्च २००२ ला बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेल्या बियाण्याला, परवानगी मिळाली. बाहेरून आलेलं तंत्रज्ञान हाही जागतिकीकरणाचाच भाग. सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या आसपास पडायची. २००६ ला राज्यांनी हस्तक्षेप केल्यावर ती साडेसातशेवर आली. बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, उत्पादन वाढलं. १ जानेवारी २००५ पासून कापडाच्या जागतिक व्यापारातला कोटा संपला, चीनच्या गिरण्यांना कापूस कमी पडायला लागला, आणि भारत काही वर्षांतच मोठा निर्यातदार झाला. २०११-१२ ला सव्वाशे लाखांहून जास्त गाठी बाहेर गेल्या. त्या काळात आपल्या भागात नव्या जिनिंग उभ्या राहिल्या, घरांवर स्लॅब पडले. ज्यांना वाटतं की व्यापारानं विदर्भाला फक्त ओरबाडलं, त्यांनी ही वर्षंही मोजावीत. पुढे शेंदरी बोंडअळीनं बीटीला दाद देणं सोडलं, २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, आणि चीननं २०१४ नंतर साठा कमी करायला घेतल्यावर जगातली मागणीही बसली. तंत्रज्ञान विकत आणता येतं, पण त्याचा जोर ओसरल्यावर काय करायचं, याची तयारी आपण केलेली नव्हती.

आता दाराच्या निर्णयांकडे येतो, कारण माझं मुख्य म्हणणं इथं आहे.

मार्च २०११ ला जगात कापूस पाउंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. पण त्या हंगामात आपल्या निर्यातीवर मर्यादा होती, त्यामुळे त्या भावाचा पूर्ण लाभ इथं पोचला नाही. ५ मार्च २०१२ ला निर्यात एकदम बंद केली, आणि ओरड झाल्यावर आठवड्याभरात बंदी शिथिल केली. २०२१-२२ च्या हंगामात भाव पुन्हा चढला, विदर्भात क्विंटलला बारा हजारांच्या वरही सौदे झाले. १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तिरुपूरच्या कपडे उद्योगाला फटका बसणार हे दिसलं, तेव्हा १९ ऑगस्टपासून पुन्हा शुल्क माफ झालं; आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ३१ डिसेंबरपर्यंत म्हणजे आपला नवा कापूस बाजारात येण्याचे नेमके पहिले तीन महिने.

गिरण्यांची बाजू खोटी नाही. तिरुपूर, कोइमतूर, इचलकरंजी इथं लाखो लोक सूत-कापडावर जगतात, आणि महाग रुई घेऊन बांगलादेश-व्हिएतनामशी स्पर्धा होत नाही. बाहेरच्या देशानं लावलेल्या शुल्काचा मार कुणीतरी सोसायचाच होता. पण पाहा, तो सोसायला पुढं कुणाला केलं. भाव चढला की दार काही दिवसांत हलतं. भाव पडला की हमीभावाचं केंद्र उघडायला, नोंदणी व्हायला, मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर यायला आठवडे जातात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. सीसीआयच्या (सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर तो पूर्ण मिळवायला ओलावा ८ टक्क्यांपर्यंत लागतो, १२ पर्यंत भाव कापून घेतात, आणि आता मोबाइल ॲपवर आधी नोंदणी लागते. दिवाळीच्या तोंडावरची पहिली वेचणी दवानं ओली असते. ज्याला दिवाळीआधी कृषी केंद्राची उधारी फेडायची आहे, तो ओला कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो, हमीभावाच्या हजार-दीड हजार खाली. हमीभाव कागदावर सगळ्यांना आहे. काटा कोरडा माल आणि थांबायची ऐपत असलेल्यालाच तो देतो.

थांबायची ऐपत म्हणजे काय, ते २०२२-२३ च्या हंगामानं दाखवलं. आदल्या वर्षीचे बारा हजार डोळ्यासमोर होते. लोकांनी नऊ हजारांना कापूस दिला नाही, घरात भरून ठेवला. माजघरात, पोरं झोपतात त्या खोलीत छतापर्यंत कापूस. उन्हाळा आला तसं अंगाला खाज सुटायला लागली, घरोघरी मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. आणि भाव उतरत उतरत मे-जूनला सात हजारांच्या घरात आला, तेव्हा बी-बियाण्याला पैसे पाहिजेत म्हणून विकावा लागला. कास्तकारानं जोखीम घेतली हा त्याचा गुन्हा नव्हता. तसाच अंदाज मोठमोठ्या व्यापाऱ्यांचाही होता. पण व्यापाऱ्याकडे गोदाम असतं, विमा असतो, बँकेची मर्यादा असते, आणि वायदे बाजारात उलटा सौदा करून नुकसान रोखता येतं. कास्तकाराकडे माजघर.

सोयाबीनचा हिशेब थोडक्यात, कारण तत्त्व तेच आहे. सोयाबीनमधून तेल अठरा-वीस टक्केच निघतं, बाकी सगळी ढेप (पेंड). म्हणून भाव दोन दोऱ्यांना बांधलेला आहे: तेल आणि ढेप. आपण खाद्यतेलाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल रशिया-युक्रेनचं. ऑगस्ट २०२१ ला काही बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात कुक्कुटपालन उद्योगासाठी १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या ढेपेच्या आयातीला परवानगी मिळाली. नवं पीक निघेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आले. डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचे वायदे व्यवहारही थांबवले गेले, म्हणजे पुढचा भाव काय असेल याचा अंदाज घ्यायची खिडकीही बंद झाली. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा वाशीम-अकोल्याला बरं वाटलं. मे २०२५ अखेर त्यातलं मूळ शुल्क निम्म्यावर आणलं. तुरीचं तसंच: मे २०२१ पासून आयात खुली, दर वर्षी मुदतवाढ. मोझांबिक आणि म्यानमारची तूर येते तेव्हा शहरातली वरणाची वाटी स्वस्त राहते. ती स्वस्त राहावी, हे मला पटतं. तिची किंमत दारव्ह्याच्या तुरीनं एकटीनं द्यावी, हे पटत नाही.

संत्र्यात हेच दार दुसऱ्या बाजूनं लागलं. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा संत्रा मोठ्या प्रमाणात बांगलादेशला जायचा. तिथल्या सरकारनं २०१९ नंतर आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं आणि निर्यात आटली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेला निर्यातदार, हा तुमच्या पुस्तकातला मुद्दा पाहायचा असेल तर वरूडच्या मंडीत जाऊन या.

बांगलादेशचं दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. त्या देशात कापूस नावालाच पिकतो. आपली रुई आणि आपलं सूत घेऊन तो शर्ट-पँट शिवतो, आणि त्याच्या निर्यातीतला चार पंचमांशाहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. अविकसित देश म्हणून युरोपात त्याला शुल्क लागत नव्हतं, हे खरं. पण त्यानं लाखो बायकांना शिलाई मशीनवर बसवलं, हेही तितकंच खरं. आपल्याकडे यवतमाळचा कापूस गाठ होऊन तमिळनाडूला किंवा गुजरातला जातो. वेचणीची मजुरी आणि जिनिंगची चार महिन्यांची हमाली, एवढाच रोजगार इथं राहतो. विकसनशील देशाला व्यापारातून मोठा फायदा होतो तो कच्च्या मालावर पुढचं काम करण्यात, आणि विदर्भ अजून त्या पायरीच्या खालीच आहे. २०२३ ला अमरावतीसाठी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क जाहीर झालं आहे, आणि २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झालेल्या करारानं आपल्या कपड्यांना तिथं शुल्कमुक्त प्रवेश ठरला आहे. या दोन गोष्टी जुळून आल्या, तर पहिल्यांदाच कपड्याच्या निर्यातीचा पैसा कापसाच्या मुलखात राहू शकेल. त्यासाठी तिथं सूतगिरणीबरोबर शिलाईचे कारखाने आले पाहिजेत. खरा रोजगार शिलाईत आहे.

आपल्या बाजूनं एक दोष आहे, तोही सांगतो. भारतीय कापसाला जगात थोडा कमी भाव मिळतो, कारण त्यात कचरा असतो: खताच्या पोत्यांचे प्लास्टिकचे धागे, गुटख्याच्या पुड्या, डोक्याचे केस. वेचणीला बाई खताचं रिकामं पोतं घेऊन जाते, त्याचा धागा सुटून बोंडाला चिकटतो. तो धागा सुतात जातो, कापड रंगवलं की तेवढा ठिपका पांढरा राहतो आणि पूर्ण ताग्याची प्रत घसरते. जिनिंगमध्ये बायका ढिगाभोवती बसून हातानं धागे वेचतात, तरी सुटतातच. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे घाई होते. सुती पिशवी, डोक्याला फडकं आणि स्वच्छ वेचणीला किलोमागं रुपया-दोन रुपये जास्त, एवढं केलं तर माल बदलतो. पण वाढीव भाव कास्तकाराला मिळायला त्याचा कापूस वेगळा जिन व्हायला हवा. खेडा खरेदीच्या मेटाडोरमध्ये सगळ्यांचा माल एकत्र पडतो, तिथं स्वच्छ वेचणाऱ्याला काहीच मिळत नाही. म्हणून गटानं कापूस आणून, स्वतः जिनिंग करून, रुई आणि सरकी वेगळी विकायची, असं मी उत्पादक कंपन्यांना सांगतो. मान्यताप्राप्त गोदामात माल ठेवून पावतीवर कर्ज घेता येतं, त्यानं दिवाळीची उधारी फिटते आणि विक्री जानेवारी-फेब्रुवारीला नेता येते. सगळ्या वर्षी भाव चढेलच असं नाही. पण विकायचा दिवस कर्जानं ठरवण्याऐवजी तुम्ही ठरवता.

उत्पादनाचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारलंच पाहिजे. भारताची हेक्टरी सरासरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास आहे, ब्राझीलची त्याच्या जवळपास चौपट. २०२३-२४ ला ब्राझील अमेरिकेला मागं टाकून जगातला पहिल्या क्रमांकाचा कापूस निर्यातदार झाला. महाराष्ट्राची सरासरी देशाच्याही खाली, कारण आपला कापूस पावसावर. एवढ्या कमी उत्पादनावर जागतिक भावाशी कुस्ती करायची तर प्रत्येक मंदीत आपण चितपट होणार. शुल्क हा तोवरचा आधार आहे. संरक्षित पाणी, बोंडअळीला तोंड देणारं बियाणं आणि संशोधनावरचा खर्च याला दुसरा पर्याय मला दिसत नाही. आणि सरकारकडून एक अपेक्षा: शुल्कात बदल करायचा तर पेरणीआधी जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत हलवू नका. मेमध्ये कळलं तर कास्तकार एकर-दोन एकर तुरीकडे वळवू शकतो. ऑगस्टमध्ये कळलं तर त्याच्या हातात काही नसतं, पीक पात्यावर (कळीवर) आलेलं असतं.

प्रबंधाचा विषय ठरवायचा असेल तर दूर जाऊ नका. वडिलांनी कापूस विकला त्याच्या काटापट्ट्या (वजन-भावाच्या पावत्या) बहुतेक घरात जपून ठेवलेल्या असतात, कर्जाच्या कागदांसोबत. पाच-सात हंगामांच्या पट्ट्या काढा: तारीख, वजन, भाव. शेजारी त्या तारखेचा न्यूयॉर्कचा भाव, डॉलरचा दर आणि तेव्हा लागू असलेलं शुल्क लिहा, आणि वर दिलेला हिशेब करून तुम्हाला किती मिळायला हवं होतं ते काढा. गावातल्या दहा-पंधरा घरांचं असंच करा. त्यात दिवाळीआधी विकणारी घरं आणि फेब्रुवारीनंतर विकणारी घरं वेगळी मांडा, आणि कुणाकडे पगाराचा पैसा येतो, कुणाकडे येत नाही, ही नोंद घ्या. बाजार समितीत रोजच्या आवकेची आणि भावाची नोंद असते, महाविद्यालयाचं पत्र नेलं तर सचिव पाहू देतात. ओलाव्याची टक्केवारी पट्टीवर बहुधा नसते, ती वडिलांना विचारून लिहावी लागेल.